‘म्हणून’ला आधार काय

मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. नोकरी लागल्यापासून रिटायर होईपर्यंत तेवढंच शिकवलं, दुसरं काही मला येतही नाही. आर्ट्सची पोरं हा विषय एकाच कारणासाठी घेतात. गणितासारखे मार्क पडतात आणि गणित करावं लागत नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मी फळ्यावर दोन विधानं लिहायची, खाली आडवी रेघ मारायची, रेघेखाली ‘म्हणून’ लिहायची आणि थांबायची. मग मागच्या बाकावरच्या एखाद्या पेंगणाऱ्या पोट्ट्यावर खडू रोखून विचारायची, "बोल बापू, म्हणून काय?" तो पुटपुटला तर मी चालवून घेत नसे. निष्कर्ष मोठ्यानं बोलला पाहिजे असा माझा नियम होता. मनातल्या मनात काढलेला निष्कर्ष म्हणजे न काढलेला निष्कर्ष, असं मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगून टाकायची.

या ‘म्हणून’कडे मी इतक्या वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. करणे, करून. बसणे, बसून. म्हणणे, म्हणून. कोणीतरी काहीतरी म्हटलं, म्हणून झालं, आणि त्याच्यापुढे दुसरं काही आलं. बस्स. मराठीत कारणाला एवढाच आधार आहे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझी बहीण मरायला टेकली होती, आणि या शोधाचा आनंद मानावा असं घरात काही उरलं नव्हतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं सासर अकोल्याच्या अलीकडे, हायवेपासून आत. आम्ही माहेरचे फुलांचे लोक आणि ती फुलांच्याच घरात पडली. नवरा गेल्यावर तिनं काळं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला देऊन टाकलं, पण घरामागचा विहिरीच्या पाण्यावरचा तुकडा कोणाला हात लावू दिला नाही. झेंडू, शेवंती, गुलछडी. सकाळी तोडलेलं अकोल्याच्या बाजारात जायचं आणि उरलेल्याचे ती छपरीत बसून हार ओवायची. एकच मुलगी, माझी भाची. ती शेंदूरजनाघाटला संत्र्यावाल्यांच्या घरात दिलेली. मी गेले की ताई सुई न थांबवता म्हणायची, "आली काय वं माह्यी मास्तरीन?" त्यात थोडा टोमणा असायचा आणि बराच अभिमान. मला ते फार आवडायचं, पण मी तिला तसं कधी दाखवलं नाही.

गाठ तिला आंघोळ करताना हाताला लागली होती. केव्हा, ते तिनं शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. भाची नागपंचमीला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, तिनं मला फोन केला आणि आम्ही दोघींनी ताईला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. म्हणाला, "आजी, गाठ कॅन्सरची आहे. पण अजून पसरली नाही. आत्ता काढली तर तुम्ही बऱ्या होऊ शकता. वेळ घालवू नका." ताई म्हणाली, "हाव." आमच्याकडे हो म्हणायचं असलं की हाव म्हणतात. मी खूश झाले. मला वाटलं, सुटलो. घरी आल्यावर तिनं पदर खोचला, फुलांची टोपली पुढ्यात ओढली आणि तो विषय जसा काही कोणी काढलाच नव्हता अशी कामाला लागली.

मी दर आठवड्याला जायला लागले. ताईशी मी वऱ्हाडीच बोलते, पण विधानं मांडायला लागले की तोंडातून आपोआप फळ्यावरची भाषा येते. ती हसायची. "पाहा, लागली पुस्तकातलं बोलाले."

"हसू नको. ऐक. ही गाठ कॅन्सरची आहे. बरोबर?"

"हाव."

"अशी गाठ काढली नाही तर ती पसरते. बरोबर?"

"हाव."

"आणि पसरली की माणूस वाचत नाही."

"हाव ना वं. थ्या टेलरच्या बायकोचं नाई काय झालं?"

"बरं. मग तू ही गाठ काढली नाही, तर?"

तिनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "चहा मांडू काय?"

माझं डोकं फिरायचं. एखादीनं म्हणावं, डॉक्टर खोटं बोलतो. एखादीनं म्हणावं, मला भीती वाटते, पैसे नाहीत, माझं वय झालं. त्यावर बोलता येतं. ही बाई सगळं मान्य करत होती. एकूण एक विधान मान्य. फक्त रेघेखाली उतरायला तयार नव्हती. मी मग आधाराचं आणखी एक विधान घातलं. म्हटलं, "ताई, हे तर मानते ना की ही तिन्ही वाक्यं खरी असली की चौथं खरं असतंच असतं?"

"हाव. तू म्हनते तं असन."

"मग चौथं बोल."

"मंग काय? तू म्हटलं ना."

मला दिसलं की मी पाचवं घालू शकते, सहावं घालू शकते. "चार मान्य असतील तर पाचवं मान्य करावं लागतं" हेही विधानच आहे, आणि तिची त्यालाही हाव तयार होती. आधारांचा ढीग वाढत गेला असता आणि निष्कर्ष जिथल्या तिथं राहिला असता. विधान माणसापुढे ठेवता येतं. त्या विधानावरून पुढच्या विधानावर जाणं मात्र त्याचं त्यालाच करावं लागतं, ते विधानांच्या यादीत घालून देता येत नाही. इतकी वर्षं पोट्टे माझ्यामागे गुमान आले होते. ते का आले, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

एक दिवस मी हट्टाला पेटले. म्हटलं, "ताई, मला ऑपरेशनचं नंतर सांग. आधी मला फक्त तेवढं एक वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "घरात असं बोलाव नाई. वास्तू तथास्तु म्हनते."

हे मला नवं नव्हतं. आपल्याकडे दिवा विझत नाही, त्याला वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. घर ऐकत असतं आणि जे कानावर पडेल त्याला ‘तसंच होवो’ म्हणत असतं, म्हणून घरात वाईट शब्द काढायचा नाही. आमची आईही आम्हाला यासाठी चापट मारायची. पण आईची चापट वेगळी आणि हे वेगळं.

"कशावरून म्हणते वास्तू तथास्तु?"

"ज्याइनं ज्याइनं घरात अभद्र बोललं, त्याइचं झालंच तसं."

"सगळ्यांचं झालं? मी लहानपणी शंभरदा म्हटलं असेल की मरते मी अभ्यासानं. मेले का?"

"नसन आयकलं तुह्या वास्तूनं."

मी तिचा हात धरून तिला उठवलं. "चल. वावरात चल. तिथं छप्पर नाही, वास्तू नाही." ती आली, हसत हसत आली. झेंडूच्या सऱ्यांमध्ये उभं करून मी म्हटलं, "बोल." ती म्हणाली, "वावरातबी देव हाये." मी तिला फाट्यापर्यंत चालवत नेलं, जिथं एस.टी. थांबते. "इथं कोणाचं घर नाही अन् कोणाचं वावर नाही. इथं बोल." तिनं आजूबाजूला पाहिलं. बसची वाट पाहत दोन बाया उभ्या होत्या. "अठी लोक आयकून राहिले वं," असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. त्या बायांनी आम्हाला काय समजलं असेल कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी तिच्या वास्तूला शिव्या घालत होते. जे खरं ठरलं ते वास्तूनं केलं, जे ठरलं नाही ते तिनं ऐकलं नाही. अशा समजुतीला कुठून पकडायचं? तिची तपासणी तिच्याच मापानं चाललेली. आणि मूर्तिजापूरच्या पुढे कुठंतरी मला माझ्या वर्गातली एक पोरगी आठवली. चांदूर बाजारहून रोज एस.टी.नं यायची, वेण्या घालून, पहिल्या बाकावर बसायची. जर-तरचा नियम मी नुकताच शिकवला होता. ‘जर पहिलं तर दुसरं, पहिलं आहे, म्हणून दुसरं आहे.’ तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हा नियमच बरोबर आहे हे कशावरून?" मी म्हटलं, सत्यता कोष्टक मांड. कोष्टक म्हणजे साधा तक्ता असतो, खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यता त्यात लिहायच्या आणि आधार खरे पण निष्कर्ष खोटा अशी ओळ सापडते का ते बघायचं. ती म्हणाली, "ते मांडलं मॅडम. पण कोष्टकाचं खरं कशावरून?" मी म्हटलं, "परीक्षेत येत नाही." वर्ग हसला, तीही हसली आणि खाली बसली. मला आजही वाटतं की अकरावीच्या वर्गात त्याला दुसरं उत्तर नाही.

पण बसमध्ये परीक्षा नव्हती. मी कोष्टक मनात मांडलं. आता ते वाचायचं कसं? जर तसली ओळ सापडली नाही, तर नियम बरोबर. तसली ओळ सापडत नाही. म्हणून नियम बरोबर. झालं! जर, तर, म्हणून. ज्या नियमाची चौकशी करायची त्यालाच चौकशीला बसवला. आणि समजा तक्ता उलटा निघाला असता? मी नियम सोडला असता काय? छे. मी म्हटलं असतं, पोरी, तुझं कोष्टक चुकलं, पुन्हा मांड. तिचं ‘नसन आयकलं वास्तूनं’ आणि माझं ‘कोष्टक चुकलं’ यांत मला काही फरक सापडेना. बडनेरा येईपर्यंत शोधला. सापडला नाही.

मी घाबरले, हे खरं आहे. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं की हे नियम स्वयंसिद्ध असतात, त्यांना पुरावा लागत नाही. स्वयंसिद्ध म्हणजे काय, तर पाहताक्षणी पटतं. ताईलाही वास्तूचं पाहताक्षणीच पटत होतं. दुसऱ्यात होतं की हे नियम न मानता विचारच करता येत नाही. येतो की. माझी बहीण रोज करत होती, बाजारात तिला कोणी फसवू शकत नव्हतं, फुलांचा भाव तिला तोंडपाठ. ती जर-तर सगळीकडे वापरत होती, या एका जागी सोडून. मग मी कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो बाई, शेवटी कुठंतरी थांबावंच लागतं. समर्थनाला तळ नसतो." मी विचारलं, कुठं थांबायचं ते कोण ठरवतं? ते म्हणाले, "आपणच." मी फोन ठेवला. ताईही थांबलीच होती. माझ्या एक पायरी आधी थांबली होती. तिची पायरी चूक आणि माझी बरोबर, हे तिला पटवायला माझ्याकडे माझ्याच पायरीवरचे शब्द होते.

तरी मी गेले. जात राहिले. मला दुसरं काय येत होतं? ताई म्हणायची, दसऱ्याचा झेंडू तोडला की जाऊ. दसरा झाला. मग दिवाळीचा झेंडू. दिवाळीआधी भाची आली होती, तिघी छपरीत बसलो होतो, सगळीकडे पिवळी नारिंगी फुलं पसरलेली. मी पुन्हा सुरू केलं आणि ताईनं पुन्हा हाव, हाव, हाव केलं आणि शेवटी म्हणाली, "दिवाळी होऊन जाऊ दे माय." माझा ताबा सुटला. मी उभी राहिले आणि ओरडले, "मरशील तू! ऐकलं? ऑपरेशन नाही केलं तर तू मरशील ताई! आता तू नाही बोलत तर मी बोलते!"

भाचीनं दोन्ही हात कानांवर ठेवले होते. ताई उठली, आत गेली, देवापुढे दिवा लावला आणि तुळशीला पाणी घातलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मला फक्त एवढंच म्हणाली, "तोंड धू वं." मी धुतलं. आणि मला मनातून बरं वाटलं, कारण निदान एकदा तरी ते वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं होतं. मला वाटलं, आता ती हलेल.

ती हलली नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, त्यालाही झेंडू लागतो. थंडी पडल्यावर छातीवरची कातडी लाल झाली आणि मग फुटली. तेव्हा तीच म्हणाली, चाल. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. मला बाहेर बोलावून म्हणाला की आता हाडांत आणि फुफ्फुसात गेलं आहे, आता कापून उपयोग नाही, दुखणं कमी राहील एवढं बघू. मी म्हटलं, रिपोर्ट बदलले असतील. मी म्हटलं, नागपूरला दाखवू. मी म्हटलं, माझ्या ओळखीतल्या एका बाईचं तर यापेक्षा वाईट होतं. तो ऐकून घेत होता. खुर्चीत बसलेल्या ताईनं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगतलं ना त्यानं. चाल आता घरी." तर्क त्या दिवशी तिनं केला. मी नाही करू शकले.

मी तिच्याकडेच राहायला गेले. झेंडूची रोपं वाळून उभी होती, कोणी उपटली नव्हती. एक दिवस दुपारी तिला मऊ भात भरवत होते आणि मला राहवलं नाही. विचारलं, "ताई, काहून वं? तुले सारं समजत होतं ना?"

तिनं घास गिळला. मग म्हणाली, "समजत नव्हतं असं वाटते काय तुले? तू बोलाची तवा सारं बरोबर बोलाची. मनात म्या कवाच म्हटलं व्हतं. पन तोंडानं म्हटलं की मंग थे होऊन जाते वं. मंग त्याच्यातून बाहीर येता येत नाई. म्हटलं नाई तोवर मी आपली फुलं तोडून राहिली व्हती."

"पण नाही म्हटलं तरी झालंच ना ताई?"

"हाव," ती म्हणाली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मला रडू आलं. ताट खाली ठेवून मी तिच्यासमोरच रडले. ती मला समजावत बसली नाही, तिच्यात तेवढी ताकद नव्हती. तिनं नुसता माझ्या मनगटावर हात ठेवला. फाल्गुनात ती गेली. शेवटचे दिवस फार वाईट गेले, त्यांच्याबद्दल मला लिहायचं नाही.

अकोल्याच्या त्या डॉक्टरनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, की तुम्ही सख्खी बहीण आणि ती सख्खी मुलगी, दोघींनी तपासून घ्या, घरात एकीला असलं की बाकीच्यांना धोका जास्त. मी तेरवी झाल्यावर अमरावतीत जाऊन तपासून आले. सांगितलं तसं केलं. काही निघालं नाही. मग मी वरुडच्या बसमध्ये बसले आणि शेंदूरजनाघाटला भाचीकडे गेले. हे फोनवर बोलायचं नव्हतं.

अंगणात संत्र्याचा ढीग पडला होता आणि बाया मोठी लहान निवडत होत्या. भाचीनं मला आत नेलं, पाणी दिलं, चहा दिला, मावशी वाळली म्हणाली. ती चांगलं वागत होती, पण समोर बसत नव्हती. हे उचल, ते ठेव, असं चाललेलं. मी म्हटलं, "बस ना जरा. एक बोलायचं होतं. त्या डॉक्टरनं सांगितलं की..."

"मावशी, थांब."

मी कप खाली ठेवला.

"मले ठाव हाये तू कायले आली." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आईलेबी तू असंच बोलली. घरात, भरल्या दिवाळीत, देव समोर असतानी. म्या माह्या कानानं आयकलं. तू म्हटलं, म्हनून माह्यी आई गेली."

एकानंतर दुसरं झालं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही. हा दोष मी दर वर्षी शिकवला. पुस्तकात तो फार पुढे नाही, चांगली उदाहरणं आहेत, पोरांना लवकर कळतो. मी तोंड उघडलं. पण तिच्या त्या एका वाक्यात माझं सगळं शास्त्र होतं आणि ते तिच्या बाजूनं होतं. तू म्हटलं, म्हणून. ती तो शब्द जसा वापरत होती तसाच तो मुळात आहे. तिला मी चूक म्हणणार ते कोणत्या आधारावर, आणि तो आधार तिनं का घ्यावा, याचं उत्तर मला बसमध्ये मिळालं नव्हतं, पुस्तकात मिळालं नव्हतं, आणि मिळालं असतं तरी त्या उत्तरातही तोच शब्द असता. ताईशी मी भांडू शकले, कारण ताई माझं बोलणं ऐकून घ्यायची. इथं माझं बोलणंच विषारी ठरलं होतं.

"पोरी, फक्त एकदा अमरावतीला ये माझ्याकडे. बाकी काही नाही म्हणत."

"हात जोडतो मावशी." तिनं खरंच हात जोडले. "माह्या घरात तू याच्यावर काईच बोलू नोको. मले लेकरू हाये."

मी चहा संपवला. तिनं पिशवीभर संत्री दिली, बसस्टँडवर सोडायला दीर पाठवला. मला राग आला होता का? नाही. तेवढाही उरला नव्हता.

आता आम्ही फोनवर बोलतो. तुटलेलं नाही काही. मी गेलेलं आवडतं तिला, फक्त मी बोलू नये. संत्र्याचा भाव, पाऊस, तिच्या पोरीची परीक्षा, एवढं बोलतो. माझी तपासणी झाली आणि काही निघालं नाही, हेसुद्धा मला तिला सांगता आलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे तो विषय काढणं आलं.

परवा ती म्हणाली, "मावशी, लय दिवसापासून डावी काख दुखून राहिली. अन् आतून काईतरी गोळ्यासारखं लागते. क्रेट उचलू उचलू झालं असन, नाई काय?"

ती उत्तराची वाट पाहत होती. मागे कोणीतरी संत्री ओतत होतं, त्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "गरम पाण्यानं शेकून घे."